राख झाडलेलं दुसरं पान

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. अंबाल्याच्या कारखान्यात माझी भिंगं घासली गेली. पहिली बारा वर्षं हरसूलच्या दवाखान्यात मी हिवतापाचे जंतू शोधले. भागीबाई नावाची म्हातारी बरी झाली तेव्हा माझ्यापुढे नागलीची भाकरी ठेवून हात जोडून गेली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. पण डॉक्टर सांगतील ते ती नीट ऐकायची.

आता मी नाशिक शहरातल्या एका लॅबमध्ये आहे. इथे शिकलेली माणसं येतात. त्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. मोठं यंत्र आल्यापासून मालक मला भंगार म्हणतात, माझ्या पायाशी चहाचे उष्टे कप ठेवतात. एकटी हर्षाली, इथली तंत्रज्ञ, लघवीचा थेंब अजूनही माझ्याखाली बघते.

मार्चअखेरीस ढुंढिराज आले. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, बोटं सिगारेटने पिवळी पडलेली. बहात्तर तपासण्यांचं पॅकेज घेतलं होतं. त्यांच्या थेंबात मला तांबड्या पेशी दिसल्या. एका नजरेत दोन-तीन असत्या तर चाललं असतं, इथे पंचवीस होत्या. हर्षालीने तसं लिहिलं आणि रिपोर्ट देताना सांगितलंही.

"काका, लघवीत रक्त आहे. मूत्रविकाराच्या डॉक्टरांना दाखवा."

"अगं, उन्हाळी लागली असेल. सब्जा घेतो, धन्याचं पाणी घेतो."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, कुसुमबाई, पहिलं पान बघून किंचाळल्या. "अहो, व्हिटॅमिन डी नऊच! सोसायटीतल्या यशश्रीने ग्रुपवर टाकलं होतं ना, हे कमी असलं की मूत्राशयाचा कॅन्सर होतो म्हणून!"

झालं! पहिल्या पानाचा फोटो निघाला, ग्रुपवर गेला. दुसरं पान, जिथे रक्त लिहिलं होतं, चार घड्या घालून खिशात गेलं. कॅन्सरला घाबरणारी ही माणसं, आणि त्याची खूण हातात दिली तर तिची घडी घालतात!

संशोधकांनी एवढंच म्हटलंय की ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी, त्यांच्यात हा रोग थोडा जास्त आढळतो. गोळ्या खाऊन तो टळतो, असं कोणी सिद्ध केलेलं नाही. सिगारेटने होतो, हे मात्र केव्हाच सिद्ध झालंय. पण ते ग्रुपवर कोण फिरवणार? ते वाचलं तर काहीतरी सोडावं लागतं.

मे महिन्यात ढुंढिराजांची स्वारी कुसुमबाईंना साखर तपासायला घेऊन आली. "हर्षाली, रोज अर्धा तास गच्चीवर उघडाबंब बसतो! आठवड्याची गोळी दुधातून."

"आणि सिगारेट?"

"उन्हात बसल्यावर एक. नुसतं बसून करू काय?"

"रक्त परत दिसलं?"

"एकदा लाल झाली होती. बीट खाल्लं होतं गं. दुखत नाही ना? मग झालं!"

दुखत नाही म्हणे! मित्रांनो, हा रोग सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. असल्या शहाण्यांचं त्यामुळेच फावतं.

जुलैत ते लेकीला, वल्लरीला, घेऊन आले. या वेळी बाटलीत काळ्या चहाचा रंग होता. रिपोर्ट आला तसे ढुंढिराज टेबलावर थाप मारून ओरडले, "अडतीस! नवाचं अडतीस केलं की नाही?"

हर्षालीने त्यांना माझ्यासमोर बसवलं. "इथे डोळा लावा, काका."

"हे काय गं? सगळ्या टिकल्याच टिकल्या."

"तुमचं रक्त. मार्चमध्येही होतं. दुसऱ्या पानावर लिहून दिलं होतं."

वल्लरीने विचारलं, "बाबा, ते पान कुठंय?"

ढुंढिराजांनी माझ्यावरून डोळा काढलाच नाही. तसेच वाकून पुटपुटले, "गच्चीवर... राख झाडायला घेतलं होतं."

परवा वल्लरी सांगून गेली. मूत्राशयातली गाठ काढली आहे, पण ती किती खोल रुजली होती ते पुढच्या आठवड्यात कळेल. चार महिने तिला आयतं खतपाणी मिळालं होतं, गच्चीवर, कोवळ्या उन्हात.

मित्रांनो, माझी भिंगं पुसा असं मी म्हणत नाही. मालकांना वाटत असेल तर मला खुशाल भंगारात घाला. पण लघवीत रक्त दिसलं, दुखो न दुखो, तर सब्जा भिजत घालू नका, डॉक्टर गाठा. आणि रिपोर्ट हातात आला की दुसरं पान उलटा. मी ते डोळा फोडून बघितलेलं असतं.