रक्त कुणाचं

पडद्याला चुण्या घालता घालता तिला ओल जाणवली. तिनं शिलाई मशीनच्या पायट्यावरून पाय काढला. मागच्या खेपेला दिवस असतानाही असंच झालं होतं, भर दुपारी, याच दुकानात. ते बाळ गेलं आणि घरात त्याचा विषय कायमचा बंद झाला. तिला मात्र ते अधूनमधून जाणवायचं. टांगलेल्या पडद्यांमागे कुणीतरी चिमुकलं उभं असल्यासारखं वाटायचं. आत्ताही एक पडदा हलला. वारा नव्हता.

सासूबाई तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी आधी सोनोग्राफी केली.

"हे ठोके ऐक. बाळ मजेत आहे."

मग त्यांनी आतून तपासलं. "गर्भाशयाच्या तोंडाशी मांसाचा कोंब आलाय, पॉलिप. रक्त त्याचं आहे, बाळाचं नाही."

"मग काढून टाका की!" सासूबाई म्हणाल्या.

"दिवस असताना उगाच छेडलं तर जास्त वाहतं. दिसायला साधाच आहे. लक्ष ठेवू. संबंध टाळा, आणि रक्त वाढलं तर तडक या."

डाग पडतच राहिले. दर वेळी मोरीचं दार लावताना पाठीमागून कुणी विचारतंय असं वाटे: आता या बाळालाही नेऊ?

सहाव्या महिन्यात एका सकाळी रक्त थांबेचना. नवऱ्यानं रिक्षात घालून नेलं. या वेळी डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं कोंब पिरगाळून काढला, बोळा घट्ट दाबून धरला आणि तुकडा तपासायला पाठवला. बोळा कोरडा निघेपर्यंत ती छताकडे बघत होती.

"मागच्या वेळीही हेच होतं का? कुणी बघितलं असतं तर..."

"नाही गं. असल्या कोंबानं बाळ जात नाही. आणि तुझ्या हातून काही चुकलेलं नाही."

तिनं मान डोलावली. विश्वास बसला की नाही, तिलाच कळेना.

तपासणीत काही वाईट निघालं नाही. दिवस भरल्यावर मुलगी झाली, धडधाकट, दवाखाना डोक्यावर घेणारी.

वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, "पहिलीच खेप का?"

"हो, पहिली—" सासूबाई म्हणू लागल्या.

"दुसरी," ती म्हणाली.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूच खाटेवर टेकल्या आणि तिचा हात हातात घेऊन बसून राहिल्या.