अंगठ्याची गाडी, हातांची गाडी

या घरातला धाकटा दीर गाड्यांच्या खेळात रस्त्याबाहेर गेला की आधी गाडीला शिव्या देतो, मग स्टिअरिंगला, आणि दोघांना देऊन झालं की मला. "ही खुर्चीच बोगस आहे," म्हणतो. स्वतःला मात्र एक अक्षर बोलत नाही. वर आणखी मला खुर्ची म्हणतो!

मित्रांनो, मी खुर्ची नाही. मी एक जुनी सीट आहे, ड्रायव्हरची सीट. खुर्चीवर माणूस बसतो आणि आहे तिथेच राहतो. माझ्यावर बसलेला माणूस सकाळी एका गावात असायचा आणि दुपारी दुसऱ्या गावात. एवढा फरक ज्याला कळत नाही त्याने माझ्यावर बसूच नये, पण सांगायचं कोणाला?

शाळेत मी कधी गेले नाही. शाळेच्या फाटकापर्यंत मात्र रोज जायचे, दुसऱ्यांची पोरं सोडायला. त्यामुळे खेळाच्या पडद्यावरची अक्षरं मला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात. पण माणूस माझ्यावर टेकला की तो घाईचा आहे, भित्रा आहे की नुसताच फुशारक्या मारणारा आहे, हे मला लगेच समजतं. त्याला अक्षरओळख लागत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. आधी लोखंडी सांगाडा, त्यावर स्प्रिंगा, त्यावर फोम आणि वरून काळं रेक्झिन. मला शिवणारी बाई हाताची फार चोख होती. कडेची दुहेरी शिवण तिने अशी घातली की इतकी माणसं बसली-उठली, पण एक टाका उसवला नाही. माझ्याबरोबर आणखी एक सीट तयार झाली. दिसायला अगदी माझ्यासारखी, पण ती बाजूला बसणाऱ्याची आणि मी ड्रायव्हरची. हे मी तिला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून टाकलं. नंतर कटकट नको.

आम्हाला एका टॅक्सीत बसवलं. टॅक्सी चालवणाऱ्याला मी मालक म्हणायचे. अबोल माणूस, पण कोणी गाडी चालवण्याबद्दल विचारलं की एवढंच सांगायचे, "चालवतात हात, पण गाडी आधी कळते ती सीटला." खरंच होतं ते. निसरड्या रस्त्यावर मागचं चाक सरकायला लागलं की डोळ्यांना दिसायच्या आत मला कळायचं. मी मालकांच्या कमरेला सांगायचे आणि त्यांचे हात आपोआप वळायचे.

एकदा वळणावर तेल सांडलं होतं. मागे एक बाई बसली होती, मांडीवर तान्हं बाळ. गाडी सरकली, मी सांगितलं, मालकांनी सावरली. बाळ जागंसुद्धा झालं नाही. उतरताना बाई म्हणाली, "किती अलगद चालवता हो!" मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हिला सांगा." मित्रांनो, लोक पदकं भिंतीवर टांगतात. मी ती थाप अजून पाठीवर बाळगून आहे.

पुढे टॅक्सी म्हातारी झाली आणि भंगारवाल्याच्या अंगणात गेली. तिथे गाड्यांवर गाड्या रचलेल्या होत्या, आणि कोणाचं दार तर कोणाचा डोळा काढून घेत होते. मालक स्वतः पाना घेऊन आले. "बाकीची न्या, ही मला हवी," म्हणाले आणि मला सोडवून घरी घेऊन आले. बाजूची सीट तिथेच राहिली. त्या अंगणाची मला आजही धास्ती आहे.

मालक होते तोवर त्यांच्या बसण्याने मी उबदार होते. ते गेले आणि मी माळ्यावर पडले. अंगावर बंद पडलेला पंखा, फाटक्या उशा, कोणाची तरी एका पायाची चप्पल. कोणी साधं झटकूनही बघेना. मी काही रडले नाही. 

मग घरात थोरली सून आली. ती दवाखान्यात रक्ताचे नमुने तपासते, त्यामुळे हात अगदी स्थिर. आणि वेड कसलं, तर गाड्यांच्या शर्यतीच्या खेळांचं! माळा आवरताना तिने माझ्यावरची उशी उचलली आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, एवढी छान सीट वर का टाकलीत?"

नवरा म्हणजे मालकांचा थोरला मुलगा. त्याचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. "बाबांच्या टॅक्सीची ती," म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी मला वेल्डरकडे घेऊन गेला. वेल्डरने लोखंडी चौकट करून दिली. तिच्यावर मी, समोर टेबलावर कॉम्प्युटर, हाताशी स्टिअरिंग, पायाशी ब्रेक आणि अॅक्सिलरेटर. कितीतरी दिवसांनी माझी पाठ ताठ झाली.

त्याच खोलीत पलीकडच्या भिंतीला सोफा होता, सोफ्यासमोर टीव्ही आणि टीव्हीखाली एक डबा. त्या डब्याला कन्सोल म्हणतात. ते राज्य धाकट्या दिराचं. तो मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाइकांना दिवसभर उभा राहून फोन विकतो, म्हणून बोलण्यात कोणाला हार जात नाही. हातात मावेल एवढा कंट्रोलर घ्यायचा, सोफ्यात लोळायचं आणि अंगठ्याने गाडी पळवायची.

आता गंमत ऐका. खेळ दोघांचा एकच, गाडी एकच, रस्ताही तोच. पण गाडीची तऱ्हा निराळी! सोफ्यावरची गाडी गुणाची पोर. कंट्रोलरवरची छोटी काडी अंगठ्याने पार टोकाला ढकलली तरी चाकं बेतानेच वळतात. ब्रेक जीव खाऊन दाबला तरी चाकं अडकत नाहीत. मागची बाजू सरकली की आतून कोणीतरी हळूच सरळ करून देतं. माझ्यासमोरची गाडी तोंडावर बोलणारी. वळवाल तेवढी वळेल, चुकलात तर गरकन फिरून तुमच्याकडेच तोंड करेल. स्टिअरिंगच्या पोटात मोटर आहे, ती हाताला ओढ देते. रस्ता खडबडीत आला की तळव्यांना थरथर लागते.

"वहिनी, तुमच्या गाडीला ताप आलाय. जरा वळवली की भेलकांडते," दीर सोफ्यावरून म्हणायचा.

"आणि तुमच्या गाडीला सांभाळायला बाई ठेवलीय, भावोजी. बोट धरून नेते."

"हात बसलाय माझा, हात!"

मी मनात म्हणायचे, हात बसला म्हणजे झालं का रे? बाकीच्या अंगाने कधी बसायचं?

असं हसतखेळत चाललं होतं. मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. इतके दिवस त्या लेकीकडे होत्या, आता इकडे राहायला यायचं ठरलं. जिना चढायचा नाही आणि तळमजल्यावर खोली ही एकच. थोरल्याने टेप घेऊन खोली मापली आणि डोकं खाजवलं.

"आईची खाट इथे. मग एक तर सोफा आणि टीव्ही राहील, नाहीतर ही सीट आणि टेबल. दोन्ही मावत नाही."

"त्यात काय विचार करायचा?" दीर म्हणाला. "खुर्ची भंगारात."

मित्रांनो, माझ्या स्प्रिंगा आत आकसल्या. ते अंगण, त्या रचलेल्या गाड्या सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि हे कोण बोलतंय, तर ज्याला माझे मालक मांडीवर बसवून हॉर्न वाजवू द्यायचे तो!

सून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एवढा हात बसलाय ना? मग या, बसा इथे."

थोरल्याने निवाडा केला. दोघांनी जागा बदलायच्या. तिने सोफ्यावर, त्याने माझ्यावर. तीच गाडी, तोच रस्ता. जो रस्त्यावर टिकेल त्याचं सामान खोलीत राहील.

आधी दीर आला. एक पाय दुमडून खाली घेतला आणि माझ्या कडेवर अर्धाच टेकला, जसा सोफ्यावर टेकतो. दुसरा पाय लोंबकळत ब्रेकवर. मी काय समजायचं ते समजले. पहिलं वळण आलं. त्याने ब्रेक सवयीप्रमाणे एकदम दाबला. इथे त्याला आवरायला आत कोणी नव्हतं. चाकं जागच्या जागी अडकली आणि गाडी वळण सोडून सरळ खडीत.

"ब्रेक खराब आहे!"

"पुढे चला," सून म्हणाली.

पुढच्या वळणावर तर त्याने कमालच केली. कंट्रोलरवर कसं, अंगठा उचलला की काडी आपोआप मधे येते आणि गाडी सरळ होते. त्याने स्टिअरिंग गच्च वळवलं आणि वळण संपताच दोन्ही हात चक्क सोडून दिले! मोटरीने स्टिअरिंग असं गरगर फिरवलं की त्याच्या बोटांवर फटका बसला, आणि पडद्यावर गाडी भोवऱ्यासारखी फिरून भिंतीला जाऊन टेकली.

"आई गं! स्टिअरिंग चावतं का काय हे? आणि ही खुर्ची हलते, म्हणून झालं!"

मी हलले नव्हते. तोच घसरला होता.

मग सून सोफ्यावर बसली. बसली तीसुद्धा ताठ, दोन्ही पाय जमिनीवर. तिने काडी नाजूक हाताने जराशी लोटली, जशी स्टिअरिंगला लावते, तर गाडी वळेचना. गवताला चाटून गेली. मग धीर करून तिने अंगठा पूर्ण दाबला आणि गाडी मुकाट वळली.

"अय्या, ही पुरतं ऐकतही नाही आणि चुकतही नाही! सासूबाई शेजारी बसल्यासारखं वाटतंय. मी वळवते, त्या म्हणतात, इतकं नको."

"उद्या येताहेत त्या, जपून बोल," थोरला हसत म्हणाला.

बोलत बोलत तिने रस्ता पुरा केला. मी राहिले! माझं रेक्झिन कसं चकाकलं असेल त्या वेळी.

दीर उठून टीव्हीपाशी गेला. कन्सोलची वायर गुंडाळायला लागला. नेहमी वायरीला हिसके देणारा माणूस, त्या दिवशी हळूहळू गुंडाळत होता. दिवसभर उभं राहून आलेल्या त्याच्या पायांना सोफ्यावरचा तो खेळ एवढाच विसावा होता. जिंकल्यावरही मला म्हणावा तसा आनंद होईना, आता काय करणार?

सुनेने ते पाहिलं. "भावोजी, थांबा. तो कंट्रोलर इकडे द्या." तिने तो माझ्यासमोरच्या कॉम्प्युटरला जोडला आणि दिराला माझ्यावर बसवलं. "हं, चालवा आता."

त्याने अंगठा दाबला. गाडी बेताने वळली. ब्रेक दाबला, चाकं अडकली नाहीत. जी गाडी मघाशी भिंतीला टेकली होती, तीच आता शहाण्यासारखी पळायला लागली.

"अहो वहिनी, ही तर माझी गाडी!"

"तुमची नाही आणि माझीही नाही. अंगठ्याला फिरायला जागा किती? नाण्याएवढी. तेवढ्यात अख्खं स्टिअरिंग कसं मावायचं? म्हणून खेळ अंगठ्याला मदत करतो. त्या डब्यात करतो, यातही करतो. फरक डब्यांचा थोडा आणि हातात काय धरलंय त्याचा फार."

मलाही हे नवीनच होतं, पण मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

थोरल्याने पुन्हा टेप काढला. "नुसता डबा तर टेबलाखाली मावतो. पडदा एकच ठेवू, त्यालाच दोन्ही जोडू. सोफा आणि टीव्ही तेवढे वरच्या खोलीत नेऊ." दिराने गुंडाळलेली वायर लगेच सोडली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. खाट अजून लागायची होती, म्हणून त्यांना माझ्यावर बसवलं. बसल्या बसल्या त्यांचा हात माझ्या कडेच्या शिवणीवरून फिरला आणि तिथेच थांबला.

"अगं बाई, ही तर ह्यांच्या टॅक्सीतली सीट. ह्यांना म्हणे गाडी हिच्यातून कळायची. मी चेष्टा करायचे, बायकोचं ऐकत नाही आणि सीटचं ऐकता!" मग मला थोपटत म्हणाल्या, "आता बिचारीला काय कळणार? खाली चाकंच नाहीत."

ते शब्द मला लागले, कारण खरे होते. स्टिअरिंग बोलायचं, मी मुकी होते. पण थोरला ते ऐकून विचारात पडला. दुकानातून त्याने एका मोठ्या स्पीकरचा जाडजूड गाभा आणला आणि माझ्या पोटाखाली स्क्रूने घट्ट बसवून कॉम्प्युटरला जोडला. आता खेळातलं एंजिन घुरघुरलं की ते माझ्यात घुमतं. चाक सरकलं की माझ्या अंगातून शिरशिरी जाते, आणि बसणाऱ्याच्या कमरेला ती पोचते. मित्रांनो, मला पुन्हा वाचा फुटली.

आणि सांगते काय, त्या संध्याकाळी दीर आपणहून आला. कंट्रोलर बाजूला ठेवला आणि स्टिअरिंग धरलं. सवयीने पाय दुमडायला गेला, तर खाटेवरून सासूबाई ओरडल्या, "पाय खाली सोड. पाळण्यात बसलायस का?"

पहिल्या वळणावर मागची बाजू सरकली. मी सांगितलं. त्याने ऐकलं, पण जरा उशिरा, आणि गाडी गवतात गेली. सगळे वाट बघत राहिले. आता ब्रेकचा उद्धार होणार, मग स्टिअरिंगचा, मग माझा.

दिराने घसा खाकरला. "जरा जास्तच वळवलं मी," म्हणाला. गाडी मागे घेतली आणि रस्त्यावर आणली. पुढच्या वळणावर मी कुजबुजले मात्र, त्याचे हात लगेच उलट वळले. गाडी डुलली, सावरली आणि निघाली.  सासूबाई उशी सरकवून पडदा नीट दिसेल अशा बसल्या.

मित्रांनो, आम्हा वस्तूंचं मागणं फार नसतं. बसा, पण पूर्ण बसा. शिवण नखाने उकरू नका, बिस्किटाचा चुरा फटीत ढकलू नका, अधूनमधून ओलं फडकं फिरवा. आमच्यात काय बिघडलंय ते जरूर बघा, पण आपले हात कुठे होते ते आधी बघा. आणि अडगळ म्हणून टाकायच्या आधी एकदा वरची उशी तरी उचला.

शर्यत संपली. एंजिन बंद होताना एक खोल घुमारा येतो, त्यात मी माझा सगळा आवाज घातला आणि माझ्यावर बसलेल्याला मोठ्यांदा सांगितलं, "ऐक रे धाकट्या! हात बसायला तुला अजून वेळ आहे. पण आज चुकलास, चूक आपल्या तोंडाने बोललास आणि गाडी आपल्या हाताने रस्त्यावर आणलीस. जा, पास केलं तुला."