पहिल्या नंबरचं मत

सहा मेच्या दुपारी तात्या शाळेतल्या पंख्यांची बटणं दाबून बघत होते. दुसऱ्या दिवशी लोकसभेचं मतदान होतं. केंद्र आमच्या गावच्या शाळेत होतं आणि यंत्रं घेऊन येणारी माणसं तिथंच मुक्काम करणार होती. त्यांना उकडू नये म्हणून तात्या दर निवडणुकीच्या आदल्या दिवशी शाळेत एक फेरी मारायचे. त्यांना कुणी सांगितलेलं नसायचं. तीनपैकी एक पंखा फिरत नव्हता. त्यांनी स्टूल ओढलं आणि स्वतःच वर चढायला निघाले, तेव्हा मी त्यांच्या सदऱ्याला धरून मागं ओढलं.

"तात्या, वायरमन येईल."

"वायरमनला आज दहा गावं हायेत. तो येतोय व्हय?"

तात्या म्हणजे माझे वडील, जोतीराम. सतरा वर्षं फौजेत होते. त्या सतरा वर्षांत त्यांचं मत टपालानं जायचं. कागद कधी मोजणी होऊन गेल्यावर हातात पडायचा, कधी पडायचाच नाही. पेन्शनीत आल्यावर त्यांनी नेम धरला की गावात पहिलं मत आपलं. दार सातला उघडायचं, पण हे साडेपाचला रांगेत उभे असायचे. त्यांचे शाळासोबती नाथाजीकाका दर वेळी त्यांच्या आधी पोचायचा प्रयत्न करायचे आणि दर वेळी दुसरे यायचे. मी साताऱ्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, पण माझं नाव अजून आष्ट्याजवळच्या या गावाच्याच यादीत आहे, तेही त्यांच्यामुळं. ते म्हणायचे, राहू दे, मतदानाच्या निमित्तानं तरी येशील.

शाळेतून घरी निघालो. पाण्याच्या टाकीपाशी ते थांबले. भिंतीला हात लावून उभे राहिले. आधी मला वाटलं, चपलेत खडा गेला असेल.

"डावा हात जड झालाय," ते म्हणाले. "सकाळपासनं हाय. छातीतबी जरा दाबल्यासारखं."

त्यांच्या कपाळावर घाम होता. मे महिना होता, घाम सगळ्यांनाच होता. मी म्हणाले, आत्ता आष्ट्याला जाऊ, गाडी बोलावते. त्यांनी मान हलवली.

"डॉक्टरनं भरती करून घेतलं तर? उद्याचं मत गेलं मग. उद्या टाकतो आन् दुपारी जाऊ की सांगलीला. पळून चाललोय का मी?"

मी पुन्हा म्हणाले. तेही पुन्हा म्हणाले. मग म्हणाले, "तुझ्या आईला बोलू नगंस. रातभर बसून ऱ्हाईल ती." मी बरं म्हणाले. वाटेत त्यांनी टपरीवरून माझ्यासाठी लिमलेटच्या गोळ्या घेतल्या. मी अडतीस वर्षांची आहे.

सात मेला त्यांनी पहिलं मत टाकलं. मी नवव्या नंबरला होते. घरी आल्यावर आई त्यांना म्हणाली, म्हशीला वैरण नाही, तेवढी घेऊन या. ते मळ्यात गेले, कडवळाचा भारा डोक्यावर घेऊन आले, गोठ्यापाशी टाकला आणि त्या भाऱ्याला टेकून बसले. मी आत मोबाइलवर सांगलीच्या डॉक्टरांचा नंबर शोधत होते. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. आईची हाक ऐकून बाहेर आले, तेव्हा सगळं झालेलं होतं.

त्या दिवसापासून आई एकच वाक्य बोलत होती: "मी वैरणीला धाडलं." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, फोनवर प्रत्येकाला. कुणी काही विचारायच्या आधीच. बायका म्हणायच्या, अगं बने, तुला काय ठावं होतं? ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच सांगायची. दिवस झाल्यावर मी साताऱ्याला परत आले. मग शेजारच्या दगडामावशींची सून पूजा हिच्याकडून कळलं, की आई आता रोज स्वतः वैरण कापते आणि डोक्यावरून आणते. ट्रॅक्टरवाला दारात टाकून द्यायला तयार असतो, पण त्याला परत पाठवते. एक म्हैस आहे आणि ही दोन भारे आणते. सहासष्ट वर्षांची बाई. ऑक्टोबरमध्ये बांधावरून पडली. गुडघा सुजला, तरी दुसऱ्या दिवशी गेली.

मला ठाऊक होतं की ही कशाची फेड चालली आहे, आणि ज्याची फेड करते आहे ते तिचं नव्हतंच. दर रविवारी फोन करताना मी ठरवायची, आज सांगायचं. मग आई विचारायची, जेवलीस का? आणि मी जेवणाचं सांगायची.

वीस नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आलं. मी आदल्या दिवशीच घरी गेले. या वेळी सांगितल्याशिवाय परत जायचं नाही, असं ठरवून. सकाळी उठल्यापासून मी घरात नुसती फिरत होते. चहा केला आणि प्यायला विसरले. आई चुलीपुढं बसली होती.

"आई, जायचं ना मतदानाला?"

"जाऊ की. घाई काय हाय? आता कोण पळत न्हाई हितनं."

दहा वाजता ती निघाली तेव्हा तिच्या हातात विळा आणि दोर होता. येताना तसंच मळ्यात जाणार, म्हणाली. मी म्हणाले, विळा घेऊन आत सोडणार नाहीत. ती म्हणाली, नाथाजी भावजींपाशी ठेवीन. मी म्हणाले, ट्रॅक्टरवाल्याला सांगू या. ती पुढं चालू लागली. गुडघ्यात अजून कळ होती. प्रत्येक पावलाला ती डावीकडं झुकत होती.

शाळेपासून शंभर मीटरवर फक्कीची पांढरी रेघ मारलेली असते. रेघेच्या अलीकडं समाजमंदिराचा कट्टा आहे. आमच्याकडं मत टाकून कुणी सरळ घरी जात नाही, कट्ट्यावर येऊन बसतं आणि आत काय काय झालं ते सांगतं. कुणाला टाकलं ते विचारायचं नाही, बाकी सगळं चालतं. नाथाजीकाका मधोमध बसले होते. त्यांच्यासमोर फडक्यावर सात-आठ मोबाइल मांडलेले होते, कारण आत मोबाइल नेता येत नाही आणि गावाचा विश्वास त्यांच्यावर.

"या वैनी. काय गं अंकिता, दे मोबाइल. आवं, विळा? लढाईला चाललाय का मतदानाला?"

"ठेवा हितं," आई म्हणाली आणि कट्ट्याच्या कडेला टेकली.

दगडामावशी त्यांचं सांगत होत्या. "त्यो पोरगा म्हणतो, आज्जी डाव्या हाताचं बोट द्या. म्हटलं, डावं बोट तुटलंय अर्धं, उसाच्या पात्यानं. तर म्हणतो, अर्ध्याला लावतो. म्हटलं, मग शाईबी अर्धीच लाव रं बाबा."

सगळे हसले. पूजाचं या गावातलं पहिलंच मत होतं. ती म्हणाली, "ती काचंतली चिठ्ठी सात सेकंद दिसती म्हणत्यात. मी मोजलं. पाचलाच पडली."

"तू भराभरा मोजलं असशील," नाथाजीकाका म्हणाले. "आगं, सासूच्या तोंडाकडं बघत मोजायचं, म्हंजे सेकंद कसं लांब हुतंय बघ."

"काय वो भावजी," दगडामावशी म्हणाल्या. "तुमी घरात कुणाच्या तोंडाकडं बघून मोजता, सांगू का हितं?"

मी तीनदा उठले, तीनदा बसले. आईला जरा बाजूला घेऊन बोलावं, तर तिथं बाजू अशी नव्हतीच. मी म्हणाले, चल आई, रांग वाढेल. ती म्हणाली, बस जरा, गुडघा दुखतोय.

कुणीतरी विचारलं, "काका, आज पहिला नंबर तुमचाच असेल की."

नाथाजीकाकांनी मिशीवरून हात फिरवला. "माझाच. पण चव न्हाई गड्या. पाचला जाऊन हुबा ऱ्हायलो आन् मागं वळून वळून बघतोय, ह्यो येतोय का. तीस वर्सं त्यानं मला दुसरा ठेवला." मग ते पूजाकडं वळले. "तुला ठावं हाय का पोरी, कसा गेला त्यो? मत टाकलं, बाहेर आला, शाळेच्या झेंड्याला सॅल्यूट मारला आन् म्हणला, नाथा, ड्युटी झाली. घरी गेला आन् बसला, तसाच गेला. असं मरान लिवून न्हाई घेता येत."

तात्यांनी सॅल्यूट मारला नव्हता. ते बाहेर येऊन म्हणाले होते, आतला एक पंखा अजून बंदच आहे. दिवसांच्या वेळी मी ही गोष्ट ऐकली तेव्हा तिच्यात नुसतं मत होतं. झेंडा नंतर आला, आणि ड्युटी त्याच्याही नंतर. काका खोटं सांगत नव्हते. त्यांना मित्र तसाच आठवत होता.

"पण आधी काय दुखत-खुपत न्हवतं का त्यास्नी?" पूजानं विचारलं.

"काय सुदीक न्हवतं. घोडा हुता घोडा."

"वैरणीला मी धाडलं," आई म्हणाली.

"आवं वैनी, किती येळा..."

"न्हाई भावजी, खरं ते बोलावं. धडधाकट माणूस. डोक्यावर भारा दिला मी." तिनं माझ्याकडं बोट केलं. "अंकिता हुती की आदल्या दिशी दुपारभर संगं. इचारा तिला, काय म्हणलं का दुखतंय म्हणून?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आईसुद्धा बघत होती. त्या नजरेत संशय नव्हता. तिला नुसती साक्ष हवी होती, तिच्याविरुद्धची.

माझ्या तोंडून निघालं, "चल आई, रांग वाढेल."

ती उठली. आम्ही रेघ ओलांडून गेलो. बायकांच्या रांगेत पुढं अकरा जणी होत्या. मी तिच्या मागं उभी होते. तिच्या पदराखाली मानेवर, भारा जिथं टेकतो तिथं, कातडं काळं पडून जाड झालेलं दिसत होतं. वाचनानं माणसाला शब्द सापडतात असं मी विद्यार्थ्यांना सांगत असते. रांगेतल्या वीस मिनिटांत मी ते वाक्य दहा प्रकारांनी मनात जुळवलं आणि प्रत्येक प्रकारात मी थोडी कमी दोषी निघत होते. तात्यांनी शपथ घातली होती. घातली नव्हती. मला वाटलं पित्त असेल. वाटलं नव्हतं.

आत टेबलावरच्या माणसानं मोठ्यानं वाचलं, "बनुबाई जोतीराम." मागच्या बाकावर बसलेल्या पक्षांच्या माणसांनी आपापल्या यादीवर खूण केली. त्यांच्यातला आप्पासो आमच्या भावकीतला. त्यानं मान वर केली आणि हळूच म्हणाला, "काकू, या." आईनं बोट पुढं केलं. पुठ्ठ्याच्या आडोशामागं ती इतका वेळ उभी राहिली की साहेब म्हणाले, "मावशी, बटण दाबलं का? जोरात दाबा."

"दाबती की. बघू तरी द्या."

यंत्र वाजलं. मग माझं झालं. मी काय दाबलं ते आठवतं, पण दाबताना माझं लक्ष दाराकडं होतं, कारण आई माझी वाट न बघता बाहेर पडली होती.

मी जवळजवळ पळतच मैदान ओलांडलं. ती कट्ट्यावर पोचली होती. विळा कमरेला खोचून झाला होता आणि ती दोराची गुंडाळी उचलत होती. दगडामावशी म्हणत होत्या, आगं आज तरी ऱ्हाऊ दे, लेक आलीया. आई म्हणाली, "लेक काय, उद्या जाईल. म्हशीला रोज लागतंय." आणि ती कट्ट्याच्या पायरीवरून उतरली. दुखरा पाय आधी टाकला, तोल गेला, तिनं काकांचा खांदा धरला. पुन्हा उभी राहिली. पुन्हा निघाली.

दहा प्रकारांतला एकही प्रकार मला आठवेना. मी तिच्या हातातला दोर धरला. तिनं ओढला. मी सोडला नाही.

"सोड गं. ऊन व्हतंय."

"आई, तात्यांना आदल्या दिवशी दुखत होतं."

तिचा हात थांबला. नाथाजीकाका एक मोबाइल कुणालातरी द्यायला निघाले होते, तो त्यांच्या हातातच राहिला.

"काय?"

"टाकीपाशी. डावा हात जड झाला होता, छातीत दाबत होतं. सकाळपासून होतं. मी म्हणाले, आष्ट्याला जाऊ. ते म्हणाले, भरती करून घेतलं तर मत जाईल, उद्या जाऊ. आणि तुला सांगू नको म्हणाले."

"मग?"

"मग मी सांगितलं नाही. रात्री तू आणि मी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हाही नाही. सकाळी तू त्यांना वैरणीला जा म्हणालीस तेव्हा मी दारात उभी होते आई. मी ऐकलं. मला तेव्हा म्हणता आलं असतं, जाऊ देऊ नको. तुला काहीच माहीत नव्हतं. मला माहीत होतं."