नळीच्या दुसऱ्या टोकाला

सेंत-एत्येनच्या बंदूक कारखान्यात उत्तरेच्या खिडकीपाशी फ्लेरीची जागा होती. काचेवर एक आडवी काळी पट्टी रंगवलेली. नळी उचलायची, डोळ्याला लावायची, तोंड त्या पट्टीकडे धरायचं. पट्टीची सावली नळीच्या पोटात शेवटपर्यंत दोऱ्यासारखी गेली, की नळी सरळ. मध्येच मुरडली, की तिथे पोक. मग नळी दाबयंत्रात धरून चाक जरासं फिरवायचं आणि पुन्हा डोळ्याला लावायची. तरणा होता तेव्हापासून फ्लेरी हेच करत आला होता.

त्याच्या हाताखालून जाणारी बंदूक नव्या चालीची होती. गोळी सुटली की तिचाच वायू मागे येऊन पुढची गोळी भरी. शिपायाने फक्त बोट दाबायचं. आधी आली ती लांब, अंगाने भारी. मग आखूड आली, छत्रीवाल्या शिपायांना विमानातून उडी मारताना झेपेल अशी. एकीच्या डोक्यावर दुर्बीण बसायची. कामगार त्यांना बहिणी म्हणत: थोरली, धाकटी आणि चष्मेवाली.

रेमीला अल्जीरियातल्या लढाईवर जायचं पलटणीचं बोलावणं आलं आणि फ्लेरीला सगळ्या बहिणी वाकड्या दिसू लागल्या.

रेमी त्याचा एकुलता एक. मिशी फुटून दोन हिवाळेसुद्धा झाले नव्हते. फ्लेरी नळी डोळ्याला लावी आणि सावली मध्येच हले, पाण्यात पडल्यासारखी. तो चाक फिरवी. पुन्हा बघे, पुन्हा हले, पुन्हा फिरवी. चांगल्या सरळ नळ्या त्याच्या हातून वाकू लागल्या. पुढच्या टेबलावर तपासणी होई, तिथून त्या परत येत. शेजारच्या खिडकीचा क्लोदियुस गुपचूप त्या ओढून घेई आणि सरळ करून ठेवी.

पण शनिवारी मुकादमाच्या लक्षात आलंच.

"फ्लेरी, सोमवारी सकाळी तुझ्या नळ्या मी स्वतः बघणार," तो म्हणाला. त्याला बोलताना जड जात होतं. "वाकड्या निघाल्या तर ही खिडकी दुसऱ्याला द्यावी लागेल बाबा. तू खोकी भरायला."

मुकादम गेल्यावर क्लोदियुसने हातातलं फडकं त्याच्या अंगावर टाकलं.

"डोळे पूस."

"रडतोय कुठे मी?"

"तेच म्हणतोय, गाढवा. रडला असतास तर पाणी वाहून गेलं असतं. तू ते डोळ्यांत साठवून ठेवलंयस. त्यातून बघितलं की देवाची काठीही वाकडी दिसेल."

"माझ्या डोळ्यांत काही नाही."

"मग पोराशी चार शब्द बोललास?"

फ्लेरीने फडकं नीट घडी करून परत दिलं.

रविवारी दुपारच्या गाडीने रेमी जायचा होता. सकाळी फ्लेरी त्याला फुंकनळीच्या मंडळात घेऊन गेला. इथली गडीमाणसं रविवारी तिथेच जमत. माणसाहून उंच नळीत शेपटीवाली सुई घालायची, गाल फुगवायचे आणि फुंकून लक्ष्य गाठायचं. मंडळाची एक रीत होती. पलटणीत जाणाऱ्या पोराने त्या दिवशीची शेवटची फुंक मारायची, आणि त्याची नळी बापाने साफ करून द्यायची.

फ्लेरीची बायको बेनुआत किसलेल्या बटाट्याची गरम धिरडी फडक्यात बांधून घेऊन आली होती.

"खा, नाहीतर फुंकायला वारा कुठून आणशील?" ती रेमीला म्हणाली.

"आई, तिसरं धिरडं आहे हे. आता फुंकलं तर सुईऐवजी बटाटाच बाहेर पडेल."

सगळे हसले. बेनुआत सर्वांत जास्त हसली, आणि मग एप्रनच्या टोकाने कितीतरी वेळ तोंड पुसत राहिली.

फ्लेरी कोपऱ्यात नळी साफ करत होता. चिंधी आरपार ओढली, पुन्हा ओढली. मग सवयीने नळी उचलली, डोळ्याला लावली आणि दाराच्या उजेडाकडे धरली.

उजेड अर्धा झाला. पलीकडच्या टोकाशी एक डोळा होता.

तपकिरी, ओला. लहानपणी पांघरुणाच्या फटीतून बघायचा तोच. फ्लेरीने आयुष्यभर नळ्यांत बघितलं होतं. दुसऱ्या टोकाला कोणी असतं, हे त्याने कधी मनाला शिवू दिलं नव्हतं.

रेमीने तोंड नळीशी आणलं. शब्द आतून चालत आले आणि थेट बापाच्या कानाशी उतरले.

"बाबा, सरळ आहे का हो?"

फ्लेरीने नळी डोळ्यावरून कानाशी नेली.

"तिकडे माझ्या नळीसमोर असाच कोणाचा तरी डोळा आला तर?" रेमी हळूच म्हणाला. "त्याचाही बाप असेल, नाही?"

समोरासमोर फ्लेरीच्या ओठांवर कधीच काही आलं नव्हतं. पण नळीच्या आत काळोख होता, तिथे बाप्या माणसाचं तोंड कोणाला दिसत नव्हतं. त्याने ओठ लावले.

"असेल रे. तोही खिडकीशीच बसला असेल. तू ये. लवकर ये, माझ्या सोन्या."

आणि साठलेलं पाणी आलं. नाकावरून, मिशीवरून, नळीवरून टपटपलं. त्याने पुन्हा डोळा लावला. पलीकडचा डोळाही वाहत होता.

"झालं का तुमचं?" मंडळातला कोणीतरी ओरडला. "नळी साफ करताय की धुताय?"

रेमीने फुंक मारली. सुई लक्ष्याला लागली नाही, भिंतीला लागली. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि फ्लेरीने तर सर्वांत मोठ्याने.

सोमवारी खिडकीत स्वच्छ उजेड होता. मुकादमाने फ्लेरीच्या हातची एकेक नळी उचलली, डोळ्याला लावली, खाली ठेवली. सावल्या दोऱ्यासारख्या गेल्या होत्या. त्याने फ्लेरीच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढे गेला.

फ्लेरीने पुढची नळी घेतली. धाकटीची होती, आखूड. डोळ्याला लावण्याआधी त्याने ती ओठांशी नेली आणि आत काहीतरी पुटपुटला.

क्लोदियुसने मान वळवली. "काय करतोयस रे?"

"धूळ होती," फ्लेरी म्हणाला, आणि नळी उजेडाकडे धरली.