चोथ्याचा खड्डा

माझे सासरे श्रीपती गुरुजी, म्हणजे आमचे आप्पा, १९९८ साली शाळेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून बागेत जायला लागले. संगमेश्वरपासून आत, कातळाच्या उतारावर आमची काजूची बाग आहे. तिथे कधी रासायनिक खत पडलं नव्हतं की औषध फवारलं नव्हतं. यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. आप्पांच्या वडिलांना ते झेपत नव्हतं आणि आप्पांना शाळेतून सवड नव्हती. तत्त्व माझ्यापासून सुरू झालं.

मी दापोलीला फळप्रक्रिया शिकून या घरात आले. दर उन्हाळ्यात बघायची, काजूची बी तेवढी विकली जायची आणि ज्यांच्या टोकाला ती बी लटकते ती पिवळीधमक, रसाळ बोंडं झाडाखाली कुजायची. एका संध्याकाळी मी यज्ञेशला, माझ्या नवऱ्याला म्हटलं, "याची पांढरी वाइन होईल. औषधाचा थेंब नसलेलं फळ आहे, असं दुसरीकडे मिळायचं नाही."

आप्पा झोपाळ्यावर होते. आठवड्याने त्यांनीच विषय काढला.

"आर्या, तू म्हणतेस ती दारूच ना?"

"हो आप्पा. हलकी, पण दारूच."

"मग दारू म्हणूनच करू. सरबताच्या नावाखाली काही करायचं नाही."

परवाना, शेड, टाक्या यांत काही वर्षं गेली. २००३च्या मार्चमध्ये पहिला हंगाम धरला.

आमच्या बागेत बी वेचायला यमुनाबाई यायच्या. माझ्या लग्नाच्या आधीपासून. त्यांच्याबरोबर सखू, गोदा आणि वाडीतल्या आणखी चार-पाच जणी असत. पहिल्या सकाळी शेडपाशी नव्या टोपल्या रचलेल्या बघून यमुनाबाई थांबल्या.

"वयनी, एवढ्या टोपल्या कशाला?"

मी सांगितलं. लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. त्यांनी हातातली पाटी खाली ठेवली.

"गुरुजींना बोलवा."

आप्पा आले. यमुनाबाई त्यांच्यासमोर मान वर करून कधी बोलल्या नव्हत्या, त्या दिवशी बोलल्या.

"माजा दादला कशानं गेला, ठावं हाय ना तुमाला?"

"ठाऊक आहे."

"याच बोंडांची हातभट्टी. तुमी माज्या पोरांना शिकवलंत, तुमच्या बागेला मी नाय म्हणायची नाय. बी काडून देईन. पण बोंडाला हात लावायची नाय."

मी समजावायला पुढे झाले. ही वेगळी, ती वेगळी, हिच्यात काय असतं, तिच्यात काय असतं. आप्पांनी मला हातानेच थांबवलं.

"नका लावू," ते यमुनाबाईंना म्हणाले. "आम्ही उचलू."

मग तसंच चाललं. बाया बी पिळून वेगळी करायच्या आणि बोंड तिथेच पानावर ठेवून पुढे जायच्या. मागून मी, यज्ञेश आणि आप्पा टोपल्या भरायचो. बोंड संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबत नाही, आंबायला लागतं, त्यामुळे घाई असायची. साठी ओलांडलेले आप्पा डोक्यावर टोपली घेऊन चढ चढताना वाटेने जाणारे त्यांचे जुने विद्यार्थी दिसले की मलाच लाजल्यासारखं व्हायचं. आप्पांना होत नव्हतं. ते टोपली न उतरवता त्यांची चौकशी करायचे.

रस काढायचा, साबुदाण्याची पातळ खळ घालून गढूळपणा खाली बसवायचा, वरचा नितळ रस टाकीत घ्यायचा. दोन दिवसांत टाकीतून बारीक बुडबुड्यांचा आवाज यायला लागला. मी दिवसातून चार-चार वेळा कान लावून यायची. उरलेला चोथा आम्ही शेडमागे टाकत होतो. होईल त्याचं खत सावकाश, असं मनात होतं.

एका दुपारी यमुनाबाई अंगणात येऊन उभ्या राहिल्या. पाणी विचारलं तर नको म्हणाल्या.

"वयनी, चोथा कुटं जातो तुमचा?"

"कुठे जाणार? शेडमागे ढीग आहे."

"हाय काय ते बगून या."

मी गेले. ढीग निम्मासुद्धा नव्हता. जमिनीवर पोती ओढत नेल्याच्या खुणा होत्या, थेट खालच्या ओढ्याकडे, वहाळाकडे जाणाऱ्या.

परत आले तेव्हा आप्पा ओटीवर येऊन बसले होते आणि यमुनाबाई त्यांना सांगत होत्या. वहाळापलीकडे चोथ्यात पाणी आणि काळा गूळ घालून पिंपं लावली होती. भट्टी पेटलीही होती. सखूचा मुलगा आदल्या दिवशी तिथून पिऊन आला होता.

"आपण कुणाला दिला नाही," मी म्हणाले. "चोरून नेलाय."

"आर्या, उघड्यावर आपणच ठेवलाय," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा पार उतरला होता. मग ते यमुनाबाईंना म्हणाले, "माझी चूक झाली. तुम्ही सांगायला आलात हे उपकार."

"उपकार र्‍हाऊ द्या. त्याचं काय करताव ते बोला."

त्याच दुपारी शेडच्या खालच्या अंगाला खड्डा घ्यायला सुरुवात केली. हातभर मातीखाली कातळ लागला. यज्ञेशने पहार घेतली, आप्पा माती ओढत होते, मी गोठ्यातून शेण आणत होते. मी चोथ्याची पहिली पाटी खड्ड्यात ओतणार तोच यमुनाबाई ओरडल्या, "आदी शेण! शेणात पडला की त्याला कोण शिवत नाय."

त्यांनी पदर खोचला, खड्ड्यात उतरल्या आणि दोन्ही हातांनी चोथा शेणात कालवायला लागल्या. मी बघतच राहिले. त्यांच्या ते लक्षात आलं.

"गाडायला लावीन की हात," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून खड्डा त्यांचा झाला. रस काढून झाला की टाकी धुवायच्या आधी चोथा खड्ड्यात गेला पाहिजे, असा त्यांचा नियम. एकदा पाहुणे आले म्हणून मी दोन पाट्या सकाळवर टाकल्या, तर त्या वाडीतून परत आल्या आणि पाहुण्यांसमोर मला उठवून घेऊन गेल्या. आप्पांनीही एक नियम केला: गावात एकही बाटली विकायची नाही, द्यायची नाही. पुढच्या शिमग्याला गावातले एक पुढारी गोड बोलून दोन बाटल्या मागायला आले. आप्पांनी त्यांना चहा पाजला, घरचे भाजलेले काजू दिले आणि तसंच परत पाठवलं.

पहिली वाइन दिवाळीनंतर बाटल्यांत भरली. फिकट, वाळल्या गवताच्या रंगाची. नाकाशी नेली की पिकल्या बोंडाचा वास आणि मागून काहीतरी लिंबाच्या पानासारखं. आप्पांनी चमचाभर जिभेवर घेतली. "चांगली झाली आहे," म्हणाले, आणि पुन्हा कधी घेतली नाही. मुंबईच्या एका हॉटेलवाल्याने सगळ्या बाटल्या उचलल्या.

वहाळापलीकडची भट्टी बंद पडली का? नाही. ती दुसरीकडून बोंडं आणत राहिली. एवढंच झालं की आमच्याकडून तिथे काही गेलं नाही. सखूचा मुलगा पुढे चिपळूणला कामाला लागला, तिथे सुधारला असं सखू म्हणते.

यमुनाबाईंनी बाकीच्या बायांना काही सांगितलं की काय ते माहीत नाही, पण तिसऱ्या हंगामात गोदा आपणहून बोंडांच्या टोपल्या उचलायला लागली आणि तिच्यामागून दोघी-तिघी आल्या. यमुनाबाई मात्र बी आणि खड्डा यांपलीकडे गेल्या नाहीत. आम्हीही कधी विचारलं नाही. खड्ड्यातलं काळंभोर, भुसभुशीत खत त्या स्वतः झाडांच्या बुंध्यांना घालायच्या, आणि कुठल्या झाडाला किती, यात आप्पांचंसुद्धा ऐकायच्या नाहीत.

२००८ साली वरच्या अंगाला नवी कलमं लावायची ठरली. हॉटेलवाल्याचा फोन येऊन गेला होता. यमुनाबाई काठीने खड्ड्यांच्या जागा आखत होत्या, मी मागून चुना टाकत होते. त्यांनी वाइनबद्दल मला एवढ्या वर्षांत कधी अवाक्षर विचारलं नव्हतं.

"वयनी, मुंबैवाले काय म्हणतात?"

"आणखी पाठवा म्हणतात. पुढच्या वर्षी दुप्पट हवी."

त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. उतारावरून खालची सगळी बाग दिसत होती.

"त्यास्नी सांगा, झाड आपल्या चालीनं चालतं," त्या म्हणाल्या, आणि दहा पावलं मोजून पुढच्या खड्ड्याची खूण केली.