उभं राहण्याचा आवाज

टेक दोन

नवऱ्याने उंच टाचांचे बूट पायांत कसेबसे कोंबले आणि पडद्यावरच्या मुलीकडे बघत, तिच्याच चालीने तो लाकडी फळ्यांवरून चालला. सात पावलं, मग दार. सिनेमातल्या माणसांच्या पावलांचे, कपड्यांचे आवाज स्टुडिओत करून देणं हे त्याचं काम. काचेच्या अलीकडे टेबलाशी बसलेल्या बायकोने आवाज मुद्रित केला आणि घड्याळ पाहिलं. सव्वाचार.

पाचला तिला फोन येणार होता. दुसऱ्या शहरातला मोठा स्टुडिओ, तीन वर्षांचा करार. हो की नाही, एवढंच सांगायचं होतं. रविवारी तिने विषय काढला तेव्हा नवरा कांदा चिरत होता. तुझं तू ठरव, मी आड येणार नाही, म्हणाला आणि चिरत राहिला. तेव्हापासून घरात मीठ दे, दिवा घालव, यापलीकडे बोलणं नव्हतं.

टेक तीन

या हिंदी सिनेमात दोन प्रेमं होती, आजोबांचं आणि नातवाचं. आजोबा तरुणपणी प्रेयसीच्या गाडीमागे धावतात. त्यासाठी काल नवऱ्याने खडीच्या पेटीत चौदा वेळा धावून गुडघे सुजवून घेतले होते. नातवाला सोडून ही उंच टाचांची मुलगी निघून जाते तेव्हा तो नुसता जागेवर उभा राहतो. आज त्या उभं राहण्याचा आवाज हवा होता. कापडाची सळसळ, बुटाची कुरकुर, बस.

"हे आजचं प्रेम, ताई," दिग्दर्शक तिच्या शेजारच्या खुर्चीत रेलून म्हणाला. "अडवायचं नाही. आजोबांचं सोपं होतं, चपला झिजवल्या की झालं."

"याला काही वाटतच नसेल," ती म्हणाली. "म्हणून उभा आहे."

आतल्या माणसाशी बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. काचेपलीकडे बुटाची नाडी बांधणारे नवऱ्याचे हात थांबले.

टेक चार, पाच, सहा

चौथ्यात दोन पावलं जास्तीची आली. पडद्यावरचा मुलगा तर हललाही नव्हता. पाचव्यात पुन्हा दोन. सहाव्यात तीन. बारा वर्षांत एका पावलाची चूक न केलेला माणूस.

"दादा, तो उभा आहे," दिग्दर्शक वैतागला. "नुसतं उभं राहायचंय तुम्हाला."

"नाही जमत आज. दुसऱ्या कुणाला तरी घ्या."

दुसरं कुणी नव्हतंच.

टेक सात

काचेपलीकडे जाऊन तिने मोज्यांच्या दोन जोडांवर त्याचे बूट चढवले. तो तिच्या खुर्चीत जाऊन बसला. दिवे मालवले, आणि हेडफोनमधून मघाची सात पावलं दूर जाऊ लागली.

तिसऱ्या पावलाला तिच्या पोटऱ्या ताठ झाल्या. पाचव्याला बोटांनी बुटाचा तळ आवळून धरला. दार लागलं. ती जागेवरच होती. नखं तळव्यांत रुतली होती आणि त्याचा कसलाच आवाज होत नव्हता.

"यात तर काहीच ऐकू येत नाही," दिग्दर्शक म्हणाला. "परत घ्यायचं?"

"नको," नवरा म्हणाला. "बरोबर आहे हे."

टेबलावर तिचा फोन थरथरू लागला. पाच वाजले होते. नवऱ्याने त्या स्टुडिओचं नाव वाचलं. फोन उचलला नाही, उलटाही ठेवला नाही. दोन्ही हात मांड्यांखाली घालून तो समोर पाहत बसला. खांदे कानांपर्यंत चढलेले.

काचेतून ती त्या खांद्यांकडे बघत राहिली.

"उचल तो," ती माइकमध्ये म्हणाली. "सांग, ती कामात आहे. घरी बोलून उद्या कळवेल."

त्याने हात बाहेर काढले. तळवे पांढरेफटक पडले होते, बोटं सरळ व्हायला वेळ लागला.