बन्सीबाबांना ऐकू आलेले गाणे

मी एक जुनी, चरे पडलेली तबकडी आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर जे गाणे कोरले आहे ते फार मोठ्याने ओरडते. ओरडून ओरडून मी दमले आहे. तरी माझी हकिकत तुम्हांला सांगते.

माझा जन्म विलायतेतला. गरम काळा गोळा दोन साच्यांमध्ये दाबला आणि मी तयार झाले. एका लष्करी साहेबांच्या ट्रंकेतून मी नगरजवळच्या भिंगारला आले. १९७२ साली त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी मला आणि बिघडलेल्या रेकॉर्ड प्लेअरला बाजारातल्या रंगनाथच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात देऊन टाकले.

रंगनाथने प्लेअर नीट केला आणि सहज मला लावले. गिटारी कडाडल्या, ढोल धडधडले, गाणारा घसा फोडून ओरडू लागला. समोरच्या भाजीवाल्या छबूबाई धावत आल्या.

"आरं, बंद कर ते! मानूस गातंय का त्याला कुनी मारतंय?"

रंगनाथने हात पुढे केला, तोच मागच्या खाटेवरून त्याचे वडील, बन्सीबाबा, उठले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मला ऐकू येतंय."

बाबांनी उभा जन्म तोफांच्या सरावाच्या माळावर निशाणाचे लाकडी फळे उभे करण्यात घालवला होता. कान तिथेच गेले. रंगनाथ आधी त्यांच्याशी ओरडून बोलायचा. मग कंटाळून खुणा करू लागला. पुढे खुणाही थांबल्या. ताट ठेवायचे आणि वळायचे, एवढेच उरले.

त्या दिवसापासून बाबा रोज मला लावायला सांगत आणि स्पीकरच्या पेटीवर तळहात ठेवून बसत. बाजार वैतागला. मीही झिजत होते. सुई फिरली की माझा थोडा आवाज घेऊन जाई. शेवटी रंगनाथच चिडला. "उद्या हिला भंगारात टाकतो!"

त्याच दुपारी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या शकिलाबाई आपला रेडिओ न्यायला आल्या. माझ्या पुठ्ठ्याच्या पाकिटामागचा मजकूर त्या वाचू लागल्या.

"काय लिहिलंय, बाई?" रंगनाथने विचारले.

"गाणाऱ्याचा बाप लोखंडाच्या कारखान्यात घण मारायचा. बहिरा झाला. मुलाचं एकही गाणं त्याला ऐकू येईना, म्हणून मुलानं हे एवढ्या मोठ्यानं केलं." मग त्यांनी तिथेच छापलेल्या गाण्याच्या ओळींवर बोट ठेवून अर्थ सांगितला. "बाबा, दार ठोठावून हात थकले, आता भिंत ठोठावतो. आवाज पोचला तर नुसती मान हलवा."

रंगनाथने हातातला पेचकस खाली ठेवला.

"काय म्हनत्यात बाई?" बाबा विचारत होते. शकिलाबाई त्यांच्याकडे वाकल्या, पण रंगनाथने त्यांना थांबवले. कितीतरी महिन्यांनी तो बापाच्या कानाशी बसला आणि एकेक शब्द ओरडून सांगू लागला.

सगळे ऐकून बाबा म्हणाले, "मंग त्याच्या बापानं मान हलवली का?"

"ते न्हाई लिहिलं, बाबा!"

"हलवली आसंल." बाबा त्याच्याकडे सरकले. "तू बोल की अजून."

मग रंगनाथने कुणाकुणाचे रेडिओ आले ते सांगितले. दुष्काळात छबूबाईंची भाजी कशी वाळते ते सांगितले. सगळ्या बाजाराला ते ऐकू जात होते. छबूबाईंनी पाटी आवरता आवरता डोळ्यांना पदर लावला. बंद कर, असे कुणी म्हणाले नाही.

भंगारात मी गेले नाही, पण त्यानंतर मला क्वचितच लावले गेले. बाप-लेक बोलत बसत, मी फळीवर धूळ खात असे. वाईट वाटे, खोटे कशाला बोलू? आणखी दोन वर्षांनी बाबा गेले. आता सुई ठेवली तर ती जागोजाग उडते.

मित्रांनो, तबकडी कडेने धरावी, मऊ फडक्याने पुसावी. पण झिजलीच, तर दुसरी मिळते. तुमच्या घरात कुणाला कमी ऐकू येत असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि मोठ्याने बोला. घसा दुखेल. दुखू द्या.